चढावरचं जॅकेट

सोलापुरात राहून थंडीच्या जॅकेटचा एवढा अभ्यास कशाला, असं मला विचारतात. मे महिन्यात इथं पारा ४२-४३ वर ठाण मांडून बसतो आणि जानेवारीत गड्ड्याची यात्रा फिरताना हाफ स्वेटरवर भागतं. तरी दिवाळी उलटली की फोन सुरू होतात. पूर्व भागातली पोरं, बँकेतले सहकारी, शेजारच्या वहिनींची कॉलेजात शिकणारी लेक. कुणाचं उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या ट्रेकचं बुकिंग झालेलं असतं, कुणाचं ब्रह्मतालचं. दिल्लीपर्यंतचं कर्नाटक एक्सप्रेसचं तिकीट हातात असतं आणि प्रश्न ठरलेला असतो, "तिकडं लई थंडी असते म्हणे. सगळ्यात जाड जॅकेट कुठलं घेऊ?"

मी म्हणतो, जाड जॅकेट घेच, पण ते तंबूपाशी घालायला. चढताना अंगावर काय असणार ते आधी सांग. इथं बहुतेकांची गाडी अडते. थंडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शेकोटीभोवती बसलेला माणूस येतो. ट्रेकला गेलेला माणूस दिवसभर बसलेला नसतो. पाठीवर आठ-दहा किलोची सॅक घेऊन तो चढतो, थांबतो, पाणी पितो, फोटो काढतो, पुन्हा चढतो. या थांबण्या-चालण्याला पुरं पडेल असं जॅकेट निवडणं मला फार मोलाचं काम वाटतं. त्यात पैसे घालण्याआधी थोडा वेळ घालावा, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

शांत बसलेलं शरीर साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतं. सॅक घेऊन उभा चढ सुरू झाला की हाच आकडा पाचशेच्या पुढे जातो. स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा चढण्याच्या कामी येतो, बाकीची सगळी उष्णता होते. ती बाहेर टाकायला शरीराकडे घाम आहे. सोलापूरकराला घामाचं नवल नाही. आपल्या कोरड्या उन्हात तो कपाळावर येतो आणि उडून जातो, जाताना अंग गार करतो. एक ग्रॅम घाम उडायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते आणि ती अंगातूनच जाते. उन्हाळ्यात हे वरदानच. बर्फात मात्र हाच घाम कपड्यात अडकला की आपण थांबल्यावरही तो अंगातली ऊब खेचत राहतो. शिवाय ओल्या कपड्यातून उष्णता आपोआप निसटते ती वेगळीच, कारण पाण्यातून ती स्थिर हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट सहज वाहते.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण नीट कळलं ते केदारकंठाच्या वाटेवर. सांक्री या पायथ्याच्या गावाहून जुडा का तालाब या तळ्याकडे जाताना पाईन आणि ओकच्या रानातून वाट चढते. सकाळी निघताना हाडं गोठवणारी थंडी होती, म्हणून आमच्यातल्या एकाने त्याचं नवंकोरं फुगीर डाऊन जॅकेट, म्हणजे आत पिसं भरलेलं, घालूनच चालायला सुरुवात केली. आमच्या गाईडने त्याच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "पहले उतारो, फिर चलो." त्याच्या स्वतःच्या अंगावर एक पातळ फ्लीस, म्हणजे लोकरीसारख्या मऊ कापडाचा कपडा, आणि बिनबाह्यांचं जॅकेट होतं. आमच्या मित्राने ऐकलं नाही. अर्ध्या तासात त्याची चेन छातीपर्यंत खाली आली, मग पोटापर्यंत, मग जॅकेट कमरेला बांधलं गेलं. चहाच्या टपरीपाशी पोहोचेपर्यंत त्याच्या पाठीवर, सॅक टेकते तिथे, टी-शर्टचा मोठा पट्टा काळाभोर भिजला होता. टपरीवर सावली होती आणि खालून वारा येत होता. चहाचा ग्लास अर्धा व्हायच्या आत त्याचे दात वाजू लागले. मग ओल्या टी-शर्टवर जॅकेट पुन्हा चढलं. ओल डाऊनच्या अस्तरापर्यंत पोहोचली आणि रात्री कॅम्पवर, जिथे त्या जॅकेटची खरी गरज होती, तिथे ते पाठीकडून चपटं झालं होतं.

त्या मित्राच्या अंगात आतून काय होतं? सुती बनियन. हे लिहिताना मला जरा जड जातं. हे शहर सुतावर उभं राहिलं आहे. १८७७ साली इथं जुनी मिल निघाली, मागोमाग आणखी मिल आल्या, तेलंगणातून विणकर आले, त्यांच्या मागांनी गल्ल्या भरल्या. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. कापूस हा आमच्या घरातला माणूस आहे. उन्हाळ्यात त्याच्यासारखा कपडा नाही, हे मी आजही कुणाशीही वाद घालून सांगेन. पण बर्फातल्या चढावर कापूस अंगाला लावायचा नसतो. साध्या हवेतसुद्धा कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल धरून असतो. पॉलिएस्टरचा तोच आकडा ०.४ टक्के. घामाने भिजल्यावर कापसाच्या तंतूच्या आतपर्यंत पाणी शिरतं आणि ते निघायला वेळ लागतो. पॉलिएस्टरच्या तंतूत ते शिरतच नाही, तंतूंच्या मधल्या जागेत राहतं आणि लवकर निघून जातं.

गंमत अशी की पॉलिएस्टरचा जन्म कापसाच्याच घरातला. १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी तो धागा पहिल्यांदा काढला, आणि ते दोघे नोकरीला होते कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये, म्हणजे सुती कापडावर छपाई करणाऱ्या मँचेस्टरच्या संस्थेत. आपल्या वडिलांच्या पिढीने ज्याचे शर्ट हौसेने शिवले ते टेरिलीन म्हणजे हेच. उन्हाळ्यात त्या शर्टांनी अंगाची लाही केली म्हणून पॉलिएस्टरचं नाव आपल्याकडे खराब झालं. त्याच गुणामुळे, पाणी न पिण्याच्या गुणामुळे, डोंगरात तो कामाचा ठरतो.

माझ्या मामांचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग आहेत. जॅकेट घ्यायचं ठरल्यावर मी एक जॅकेट घेऊन त्यांच्याकडे गेलो, कारण कापड हाताने वाचणारा त्यांच्याइतका दुसरा माणूस माझ्या ओळखीचा नाही. टेरी टॉवेल कसा होतो ते मी लहानपणापासून पाहिलंय. त्याला ताणे, म्हणजे उभे धागे, दोन असतात, एक ताठ आणि एक सैल. दोन आडवे धागे कापडाच्या कडेपासून थोडे अलीकडेच थांबतात, तिसऱ्याला फणीचा पूर्ण ठोका बसतो, तिन्ही एकदम पुढे सरकतात आणि सैल ताण्याचे बारीक फास उभे राहतात. त्या फासांत पाणी धरलं जातं. जॅकेटच्या भरणातही असेच तंतू उभे-आडवे गुंतलेले असतात. टॉवेलमधले फास पाणी धरतात, इथले तंतू हवा धरतात. ऊब तंतूंची नसतेच, त्यांच्यामध्ये अडकून स्थिर राहिलेल्या हवेची असते. कापड काय आणि भरण काय, दोन्ही जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन.

"मामा, तुमच्या टॉवेलचा जीएसएम किती?"

"साडेचारशे. का रे?"

"ह्याच्या आतलं भरण साठ आहे."

मामांनी जॅकेट हातात घेतलं. अंगठा आणि तर्जनीत धरून हळूच चोळलं, मूठ आवळून सोडली आणि ते परत किती फुगतं ते पाहिलं. मग ट्यूबलाइटसमोर धरून आतलं भरण कुठे गोळा झालंय का, कुठे विरळ आहे का, ते तपासलं. शेवटी कापड ओठांना लावून जोरात फुंकर मारली आणि दुसरा तळहात पलीकडे धरला.

"वारा आरपार जातोय की रे. थंडीचं कापड म्हणतोस आणि वारा जातोय?"

"चढताना जायलाच पाहिजे, मामा. आतली वाफ त्याच वाटेने बाहेर जाणार."

"आणि वारं सुटलं तर?"

"वरून पातळ विंडचीटर."

"म्हणजे दोन कामं दोन कपड्यांना वाटून दिलीस," मामा म्हणाले आणि जॅकेट घडी न घालता खुर्चीच्या पाठीवर टाकलं. घडी घातली तर भरण दबेल, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

ही फुंकर मी आता सगळ्यांना शिकवतो. दुकानात लेबलवर 'ब्रीदेबल' असं छापलेलं असतं, पण त्यावरून काही कळत नाही. ओठांना लावून फुंका. अजिबात हवा जात नसेल तर ते जॅकेट थांबल्यावर घालायचं. थोडी अडून, पण जात असेल तर ते चालताना अंगावर राहू शकेल. अगदी सहज जात असेल तर वरून वारा अडवणारं काहीतरी जवळ हवंच.

डाऊनबद्दल माझं मत वाईट नाही. बदक-हंसांची ती मऊ पिसं वजनाच्या मानाने सर्वांत उबदार असतात, चिमूटभर जागेत बसतात आणि नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं टिकतात. कोरड्या, कडक थंडीत तंबूबाहेर उभं राहायला त्यांच्यापेक्षा चांगलं काही मला माहीत नाही. पण ती भिजली की गोळा होतात आणि त्यांच्यातली हवा निघून जाते. हा त्रास सैनिकांना फार होता. १९८० च्या दशकात अमेरिकी लष्कराला ओल सोसणारा पर्याय हवा होता, तेव्हा आल्बनी इंटरनॅशनल या कंपनीने अतिसूक्ष्म पॉलिएस्टर तंतूंचं भरण तयार केलं. तेच पुढे प्रिमालॉफ्ट म्हणून बाजारात आलं. आल्बनी म्हणजे कागदाच्या गिरण्यांना लागणारं कापड विणणारी कंपनी. हे ऐकून मामा खूश झाले. सिंथेटिक भरण भिजल्यावर पूर्वीइतकंच उबदार राहतं, असं काही विक्रेते सांगतात, ते खरं नाही. भिजल्यावर त्याचीही ऊब कमी होते. फक्त ते साफ कोसळत नाही आणि अंगाच्या उष्णतेने अंगावरच वाळू शकतं.

पण पहिल्या पिढीच्या सिंथेटिक जॅकेटांची एक अडचण होती. सुटे बारीक तंतू कापडातून बाहेर येतात, म्हणून वरचं कापड आणि अस्तर दोन्ही घट्ट विणीचं लागायचं. घट्ट वीण आली की हवा बंद, आणि हवा बंद झाली की चढावर पुन्हा घाम. त्यातून वाट निघाली ती विणकामातून. पोलार्टेक कंपनीने अमेरिकेच्या विशेष दलांच्या गरजेतून अल्फा नावाचं भरण तयार केलं. त्यात तंतू सुटे नसून जाळीदार निटिंगमध्ये, म्हणजे स्वेटरसारख्या विणीत, पक्के अडकवलेले असतात. ते कुठे सरकत नाहीत, बाहेरही येत नाहीत, त्यामुळे बाहेरचं कापड मोकळ्या विणीचं ठेवता येतं आणि काही जॅकेटांत तर अस्तरच लागत नाही. २०१४ साली पॅटागोनिया कंपनीचं नॅनो-एअर जॅकेट आलं. थांबल्यावर घातलेलं जॅकेट चढतानाही काढायला लागू नये, ही कल्पना त्यातून सर्वसामान्य ट्रेकरपर्यंत पोहोचली. आज या पद्धतीची जॅकेटं बऱ्याच कंपन्या करतात. परदेशी नावाची पाच आकडी किमतीला जातात, ती परवडायलाच हवीत असं नाही. तत्त्व कळलं की कमी किमतीतही बरंच चांगलं सापडतं.

मी स्वतः चढावर ६० जीएसएमच्या आसपासचं भरण पसंत करतो. जीएसएम तर आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ४० चं जॅकेट पळणाऱ्याला किंवा सायकलवाल्याला ठीक. १०० च्या पुढचं मला चढावर सोसवत नाही. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. एकाच वजनाची दोन भरणं वेगवेगळी फुगतात आणि जी जास्त फुगते ती जास्त हवा धरते. आखूड तंतूंचं भरण मऊ आणि डाऊनसारखं लागतं, पण ते जागेवर राहावं म्हणून शिलाया जास्त घालाव्या लागतात, आणि शिलाईच्या रेषेवर भरण दबलेलं असल्यामुळे तिथे थंडी आत येते. लांब अखंड तंतूंचं भरण थोडं राठ लागतं, पण कमी शिलाईत भागतं आणि जास्त टिकतं. जॅकेट उलटं करून शिलाया पाहायला आपल्या गावात कुणी वेगळं शिकवायला नको.

खिशांकडे मात्र लोक बघतच नाहीत आणि मला त्याचं वाईट वाटतं. सॅकचा कमरेचा पट्टा बांधल्यावर खालचे खिसे त्याखाली जातात. मग रुमाल, लिप बाम, मोबाईल, सगळं अडकून बसतं. खिसे पट्ट्याच्या वर हवेत. मोबाईल थंडीत लवकर बंद पडतो, म्हणून छातीवर आतल्या बाजूला एक खिसा असेल तर फारच छान. हात वर करून पाहा, पाठ उघडी पडता कामा नये. बाहीचं टोक हातमोज्याच्या आत जाईल इतकं बारीक असावं. टोपी असलेलं घ्यावं की बिनटोपीचं, यावर माझं ठाम मत आहे. टोपीवालंच घ्यावं, कारण थांबल्या क्षणी सर्वांत सोपा उपाय म्हणजे टोपी डोक्यावर ओढणं, आणि चालू लागताच तीच आधी मागे टाकायची. माप मात्र आतल्या थर्मलवर घालून पाहूनच घ्यायचं. घट्ट जॅकेटमध्ये भरण दबतं आणि त्याची ऊब जाते. सॅकच्या पट्ट्यांखाली खांद्यावर ते तसंही दबणारच असतं.

समिटच्या रात्रीचं गणित वेगळं. केदारकंठाचा माथा ३,८१० मीटरवर आहे आणि आपण राहतो साधारण साडेचारशे मीटरवर. हजार मीटरला साडेसहा अंश धरले तर नुसत्या उंचीनेच वीस-बावीस अंश उतरतात. त्यात डिसेंबर, त्यात उत्तराखंड, त्यात रात्री दोन-तीनला निघणं. त्या वेळी चढावरचं जॅकेट, त्यावर विंडचीटर, आणि सॅकमध्ये अगदी वर, हाताला लागेल असं, ते जाड जॅकेट. थांबलो की घाम थंड व्हायच्या आत ते सगळ्यांवरून चढवायचं. म्हणूनच जाड जॅकेट एक माप मोठं असावं. उजाडताना समोर स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ दिसू लागतात, तेव्हा माणसाला पाऊण तास तिथे उभं राहावंसं वाटतं, आणि ते उभं राहता आलं पाहिजे. एवढ्यासाठी मी हा सगळा खटाटोप करतो. कुडकुडत, "चला लवकर खाली" म्हणणाऱ्या माणसाने तो डोंगर खरं तर पाहिलेलाच नसतो.

ज्यांना फक्त सह्याद्रीत जायचंय, त्यांनी यातलं काही घेऊ नये, हेही स्पष्ट सांगतो. कळसूबाई म्हणजे १,६४६ मीटर. डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर रात्री चांगलीच थंडी वाजते, पण एक फ्लीस, एक विंडचीटर आणि कानटोपी एवढ्यावर निभतं. राहिलेल्या पैशांत चांगले बूट घ्या.

विकत घेतल्यावर जॅकेट हिमालयाआधी अंगवळणी पाडावं. आपल्याकडे ती सोय डिसेंबरच्या पहाटेला होते. मी कंबर तलावाच्या बाजूला अंधारात चालायला जातो किंवा सायकल काढून हिप्परग्याच्या तलावाकडे निघतो. इथली थंडी काही बर्फाची नव्हे, त्यामुळे थोड्याच वेळात गरम होऊ लागतं, आणि तेच तर पाहायचं असतं. कधी चेन उघडावीशी वाटली, काखेत आधी ओलं झालं की पाठीवर, थांबल्यावर किती वेळात वाळलं. घरी आल्यावर अस्तराला हात लावून पाहा. तिथे ओल असेल तर तुमच्या चालीला ते जॅकेट बंद पडतंय.

सिंथेटिक भरणाचा खरा शत्रू म्हणजे दाबून ठेवणं. तंतू पुन्हापुन्हा दबले की त्यांची उसळी जाते आणि ती परत येत नाही. म्हणून ट्रेक संपल्यावर जॅकेट पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका, हँगरला मोकळं लटकवा. आपल्या पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मेमध्ये काय धग असते ते तुम्हाला माहीत आहे. धुताना सौम्य साबण, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, इस्त्री तर लांबच ठेवा. सॉफ्टनरचा थर तंतूंवर बसतो आणि वरच्या कापडाला पाणी न चिकटण्यासाठी केलेली प्रक्रियाही त्याने बिघडते. प्रत्येक धुण्यात पॉलिएस्टरचे बारीक तंतू पाण्यात जातात, ते शेवटी नदीतच पोहोचतात. त्यामुळे उगाच धुऊ नये, सावलीत वाऱ्यावर टाकावं. आणि एक जॅकेट घेतलं की ते विरेपर्यंत वापरावं. दरवर्षी नवा रंग घेण्याची ही वस्तू नव्हे.

मामा त्यानंतर मला भेटले की जॅकेटचा विषय काढतातच. मागे एकदा त्यांनी विचारलं, हे आपल्याकडे का होत नाही? मला तो प्रश्न मनापासून पटतो. या गावात गणवेश शिवणारा मोठा उद्योग आहे. सरळ शिलाई, चेन बसवणं, मापात कापणं, ही कामं इथं हजारो हात रोज करतात. वरचं वीस डेनियरचं, म्हणजे अगदी बारीक धाग्याचं, नायलॉन कापड बाहेरून आणता येईल. आतलं जाळीदार भरण मागावर निघणार नाही, ते निटिंगच्या यंत्राचं काम आहे आणि ती यंत्रं वेगळी, महाग. पण सुरुवातीला भरणही विकत आणून नुसती शिलाई इथं केली तरी चालेल. हिमालयातल्या ट्रेकिंगला आज महाराष्ट्रातून एवढी पोरं जातात, की पाच आकडी किमतीच्या खालचं, फुंकर मारल्यावर हवा जाणारं, खिसे योग्य जागी असलेलं जॅकेट कुणी काढलं तर त्याला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागणार नाही. मामांनी एका शिलाई युनिटवाल्याला माझं जॅकेट नेऊन दाखवलंय. तो सध्या शाळांच्या ऑर्डरमध्ये अडकलाय, जूननंतर बघू म्हणाला. तोपर्यंत खिशांच्या जागा आणि बाह्यांची मापं मी त्याला कागदावर काढून देणार आहे.